कधी सेल्फच घेत नाही, कधी घेते पण पकडत नाही – इमोबिलायझर की आणखी काही?

सह्याद्रीवारा

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, चावी फिरवून सुरू होणारी, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. बॅटरी ३५ अँपिअर-अवर, दोन वर्षांची. तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही लहरी आहेत.

पहिली : चावी फिरवली की पुढून एकच "टक" आवाज, सेल्फ फिरत नाही. दोन-तीनदा फिरवली की घेते.

दुसरी : सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मीटरमध्ये चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असतो. चावी काढून पुन्हा घातली की बहुतेक वेळा सुरू होते.

एका ठिकाणी ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलंय, दुसऱ्या ठिकाणी बॅटरी. दोन्हीकडे गाडी उभी असताना दोष दिसलाच नाही. खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे, स्कॅनर नाही.

वायरमन_कोथरूड

ईसीएमला अजून हात लावू नका. तुमच्या दोन तक्रारी हे दोन वेगळे दोष असण्याची शक्यता जास्त आहे, त्यामुळे त्या वेगळ्याच तपासा.

असल्या गाड्यांत इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) साधारणपणे सेल्फ अडवत नाही, तो इंजेक्शन आणि इग्निशन अडवतो. म्हणजे चावी ओळखली गेली नाही तर सेल्फ फिरेल, पण इंजिन पकडणार नाही. काही गाड्यांत पकडून एक-दोन सेकंदांत बंद पडतं. बटन स्टार्टच्या आणि काही चावीच्या गाड्यांत मात्र सेल्फसुद्धा अडवलेला असतो, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघून घ्या.

तर "टक" आवाज ही बॅटरी, केबल, अर्थिंग, सॉलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच) या बाजूची तक्रार. लुकलुकणारा दिवा ही चावी, कॉइल, वायरिंग या बाजूची.

आता दोन प्रश्न. चावीचं कव्हर कधी बदललंय का? आणि गाडीला जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक असं बाहेरून काही बसवलंय का?

सह्याद्रीवारा

हो, दोन्ही आहे. कव्हर बाजारातून घेऊन फ्लिप-की करून घेतली आहे. ट्रॅकर आहे, मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं असा. दुसरी चावी कंपनीचीच, न वापरलेली, कपाटात आहे.

वायरमन_कोथरूड

मग चाचणी सोपी आहे. कपाटातली चावी काढा आणि काही दिवस फक्त तीच वापरा. तिला दुसरं काही अडकवू नका. ना दुचाकीची चावी, ना धातूची मोठी रिंग, ना सोसायटीच्या गेटचा टॅग. त्या काळात दिवा एकदाही लुकलुकला नाही तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चाव्यांना लुकलुकतो तर दोष गाडीत.

याचं कारण असं की चावीच्या मुठीत एक चिप असते, काचेच्या बारीक नळीसारखी किंवा काळ्या पाचरीसारखी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. तिला बॅटरी लागत नाही. लॉकच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची गोल कॉइल असते, ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं क्षेत्र तयार करते, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड पाठवते. हा सगळा व्यवहार काही सेंटिमीटरच्या अंतरातच होतो. फ्लिप-की करताना मूळ मुठीतून ही चिप काढून नव्या कव्हरच्या खाचेत बसवावी लागते. खाच तिच्या मापाची नसेल तर चिप आत हलते. कॉइलला समांतर राहिली तर वाचली जाते, आडवी फिरली की नाही. चावी काढून पुन्हा घातल्यावर सुरू होते, यावरून मला आधी हाच संशय येतो.

रिमोटमधली सीआर २०३२ किंवा सीआर १६२० बॅटरी फक्त दरवाज्याच्या लॉकसाठी असते. ती संपली म्हणून चावी फिरवून सुरू होणारी गाडी अडत नाही. या गैरसमजातून लोक तीच बॅटरी पुन्हा पुन्हा बदलत बसतात.

रातराणी

दिव्याच्या भाषेबद्दल थोडं. चावी ऑन केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला तर चावी ओळखली गेली. ऑन असताना लुकलुकत राहिला तर ओळखली गेलेली नाही. आणि गाडी बंद, लॉक असताना डॅशबोर्डवर लाल ठिपका लुकलुकतो तो चोराला दिसावा म्हणून असतो, तो दोष नव्हे. प्रश्न विचारताना हे तीन प्रकार लोक एकच समजून सांगतात आणि उत्तर देणारा भलतीकडे जातो.

दुसरं, धक्का स्टार्टने इमोबिलायझर चुकवता येत नाही. दिवा लुकलुकत असेल तर कितीही ढकला, इंजेक्टर उघडणारच नाहीत. धक्क्याने लगेच सुरू झाली तर चावी ठीक आहे आणि दोष बॅटरी किंवा सेल्फच्या बाजूला आहे. म्हणजे चाचणी म्हणून धक्का उपयोगाचा आहे, फक्त मोकळ्या सपाट जागेवर.

अर्थिंग_आधी

"टक" आवाजाबद्दल लिहितो. बॅटरी बदलण्याआधी चार मोजमापं घ्या. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर.

१) रात्रभर उभ्या गाडीवर, दार न उघडता शक्य असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, तोवर बाकीची मापं घेण्यात अर्थ नाही.

२) दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना तेच माप बघा. ९.६ च्या खाली जाऊ नये. चांगली बॅटरी दहाच्या वर राहते.

३) हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच सगळ्यांकडून राहतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. लक्षात घ्या, क्लॅम्पवर (खुंटीवर आवळलेल्या वायरीच्या पकडीवर) नाही, खुंटीवर. सेल्फ फिरताना ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज अर्थच्या वायरीत किंवा जोडणीत वाया जातंय.

४) तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. इथे पिन टेकवताना ती बॉडीला लागली तर शॉर्ट होईल, हात बसलेला नसेल तर हे माप इलेक्ट्रिशियनकडून घ्या.

माप घेताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मोटर तापते.

नुसत्या ओहम मापावर अर्थ वायर पास करू नका. दहा तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर शून्यच दाखवतो, पण सेल्फला शंभरहून जास्त अँपिअर लागतात तेव्हा ती एक तार काय पुरणार? म्हणून मोजायचं ते प्रवाह वाहत असताना.

सागरकिनारी_रत्नागिरी

अर्थिंग_आधी यांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोर देऊन अनुमोदन. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने गिअरबॉक्स ते चासीची अर्थ पट्टी आतून हिरवी पडते. वरून प्लॅस्टिकचं आवरण धड दिसतं, वाकवली की चुरा जाणवतो. बोल्टखाली गंज असेल तर नवी पट्टी टाकूनही उपयोग नाही. बोल्ट काढून बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा, मग वरून पेट्रोलियम जेली.

बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. क्लॅम्पला १० चा पाना लागतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. क्लॅम्प हाताने फिरत असेल तर तो सैल आहे, भले दिवे पूर्ण उजेड देत असोत. दिव्यांना थोडाच प्रवाह लागतो.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊबेला येतात. इंजेक्टरच्या वायरी, क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरची) वायर आणि बॉनेटच्या आतलं अस्तर बघून घ्या. कुरतडलेली वायर कोरडी असताना चालते, ओल आली की दोष दाखवते.

सह्याद्रीवारा

मापं : सकाळी १२.५. सेल्फ फिरताना १०.३. इंजिन सुरू असताना १४.१. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ०.८५! पॉझिटिव्ह बाजू इलेक्ट्रिशियनकडून घेतली, ०.३.

अर्थिंग_आधी

बॅटरी चांगली आहे, अल्टरनेटरही चांगला आहे. बदलू नका. ०.८५ हे तुमचं उत्तर आहे.

आता ते ०.८५ नक्की कुठे जातंय ते शोधा. एक पिन निगेटिव्ह खुंटीवरच ठेवा. दुसरी पिन क्रमाने : क्लॅम्पवर, निगेटिव्ह वायर जिथे बॉडीला बोल्ट केली आहे तिथल्या पत्र्यावर, गिअरबॉक्सला जाणाऱ्या टोकावर, शेवटी इंजिनवर. प्रत्येक ठिकाणी सेल्फ फिरवून आकडा लिहा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी घेतो, त्या दोघांमधली जोडणी खराब.

याचा इमोबिलायझरशीही संबंध आहे. ईसीएमची अर्थ बऱ्याचदा इंजिनवर असते आणि इमोबिलायझरच्या मॉड्यूलची बॉडीवर. सेल्फ फिरताना या दोन अर्थांमध्ये जवळजवळ एक व्होल्टचा फरक पडला तर त्यांचं आपापसातलं बोलणं बिघडू शकतं. मग चावी बरोबर असूनही दिवा लुकलुकतो. म्हणून अर्थ आधी, चावी मग.

घाटवाट

मला वेगळी अडचण आहे, याच धाग्यात विचारतो. गाडी थंड असताना एका हाकेत सुरू होते. घाट चढून दहा मिनिटं थांबवली की सेल्फ फिरतो, पकडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. चावीचा दिवा लुकलुकत नाही. इंजिन चेकचा दिवाही नाही.

वायरमन_कोथरूड

घाटवाट, तुमचा संशयित क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे वर आलेला क्रँक सेन्सर. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. सेन्सरमधली बारीक तार तापून सुटते, थंड झाली की पुन्हा जुळते.

खात्री अशी करा. साधं ईएलएम ३२७ ब्लूटूथ अडॅप्टर (गाडीच्या ओबीडी म्हणजे स्कॅनरच्या खोबणीत बसणारं) घ्या, मोबाईलवर लाइव्ह डेटामध्ये आरपीएम लावा. दोष आलेला असताना सेल्फ फिरवा. १५० ते २५० दिसलं तर सेन्सर ठीक, शून्य दिसलं तर सेन्सर किंवा त्याची वायर. शून्य असताना ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, त्यामुळे तो ना स्पार्क देतो ना पेट्रोल. कोड आला तर बहुधा पी०३३५ येईल, पण प्रत्येक वेळी कोड येतोच असं नाही.

दुसरी खूण, त्याच वेळी सेन्सरवर ओलं फडकं धरून थंड करा. लगेच सुरू झाली तर पक्कं. फिरणाऱ्या पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून हात लांब ठेवा.

दोन वायरींचा सेन्सर असेल तर ओहममध्ये मोजता येतो, गरम असताना मोजा. तीन वायरींचा म्हणजे हॉल प्रकारचा, त्याला ओहम मीटर लावू नका, त्याची वीज, अर्थ आणि सिग्नल बघायचा असतो. आणि बदलताना चांगल्या मेकचाच घ्या, स्वस्त सेन्सर गरम झाल्यावर तोच दोष पुन्हा दाखवतात.

सीएनजी_पुराण

घाटवाट आणि सह्याद्रीवारा, दोघांसाठी. गाडी सीएनजी असेल तर पेट्रोलची बाजू तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. सिक्वेन्शियल किटच्या बऱ्याचशा गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, टाटांच्या आयसीएनजीसारख्या, त्या वेगळ्या.

पेट्रोलचा काटा सतत लाल रेषेवर ठेवणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलनेच थंड होतो. टाकी रिकामी राहिली की तो तापतो, शिवाय तळाचा गाळ ओढतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही चिकटणार नाहीत.

चाचणी : चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक "झूंऽऽ" आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज, रिले, पंप. आवाज येतो पण बराच वेळ उभी राहिल्यावर पकडायला उशीर लावते, तर चावी ऑन-ऑफ तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर लाइनमधला दाब मागे उतरतोय, म्हणजे पंपातला व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. गेज लावलं तर साध्या पेट्रोल इंजेक्शनला साधारण ३ बार असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

नवा_भिडू

माझी गाडी बटन स्टार्ट आहे. कधी कधी बटन दाबलं की नुसती ॲक्सेसरी लागते, "चावी सापडली नाही" असं येतं.

रातराणी

बटन स्टार्टमध्ये रिमोटची बॅटरी महत्त्वाची असते, वर चावीच्या गाडीबद्दल लिहिलं त्याच्या उलट. नवी ३ व्होल्टची बॅटरी घाला, बोटांचे ठसे न लावता. वाटेत अडलात तर रिमोट थेट बटनाला टेकवून, किंवा रिमोटनेच बटन दाबून सुरू करा. चिप तिथल्या कॉइलने वाचली जाते. कुठली बाजू टेकवायची ते मॅन्युअलमध्ये असतं, काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते.

संदेश येत नसेल आणि तरीही सेल्फ घेत नसेल तर मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचे दिवे लागत नसतील तर पेडलवरचा स्विच गेला. ब्रेक दाबल्याचं कळल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडी सेल्फ मारत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत हेच काम क्लच स्विच करतो, त्याच्या पेडलवरचा रबरी ठोकळा तुटून पडलेला असतो.

रिमोट मोबाईलच्या खिशात, वायरलेस चार्जरवर किंवा डॅशकॅमच्या स्वस्त चार्जरजवळ ठेवू नका. तो चार्जर काढून एकदा बघा, पुष्कळदा तिथेच सुटतं. आणि जादा रिमोट गाडीत ठेवायचा नाही. तो सतत गाडीशी बोलत राहतो आणि दोन्हींच्या बॅटऱ्या उतरतात.

सह्याद्रीवारा

अर्थचं सापडलं. क्लॅम्प ०.०४, बॉडीचा बोल्ट ०.१, गिअरबॉक्सचं टोक ०.७८. म्हणजे बॉडी ते गिअरबॉक्सची पट्टी. काढली तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या पकडीच्या) आत तारा हिरव्या होत्या आणि अर्ध्याअधिक तुटलेल्या. त्याच जाडीची नवी टाकली, दोन्हीकडचा पत्रा घासला. आता इंजिनवर ०.१२. "टक" पुन्हा आला नाही.

जुन्या चावीने मात्र दिवा अजून लुकलुकतो. कपाटातल्या चावीने नाही. हा इमोबिलायझर कायमचा बायपास करून मिळेल असं एक जण म्हणतोय. करावा का?

वायरमन_कोथरूड

अजिबात नको. बायपास म्हणजे बहुधा एक चालू चिप लॉकच्या कॉइलजवळ कायमची चिकटवून ठेवायची, किंवा ईसीएममधला प्रोग्राम बदलायचा. पहिल्यात कोणीही लोखंडी चावीने किंवा लॉक तोडून गाडी नेऊ शकतो. दुसऱ्यात ईसीएम निकामी व्हायचा धोका. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तिथेही अडचण. आणि तुमचा इमोबिलायझर उत्तम चाललाय, दुसरी चावी तो न चुकता ओळखतोय. मग तो काढायचा कशाला?

फ्लिप-कीचं कव्हर टेबलावर पांढरं कापड अंथरून उघडा, चिप उडून हरवते. ती खाचेत सैल असेल तर मूळ मुठीतल्या दिशेनेच बसवा. दिशा कळत नसेल तर कपाटातल्या चावीची मूठ बघा. खाली फोमचा बारीक तुकडा द्या, दाबू नका, काचेची नळी तडकते. चटकन चिकटणारा गोंद वापरू नका, पुन्हा काढता येत नाही. पाचरीला तडा दिसला तर ती चिप गेली, नवी चावी प्रोग्राम करावी लागेल. बऱ्याच चिपा एकदा कोडिंग झाल्यावर दुसऱ्या गाडीला चालत नाहीत, म्हणून वापरलेली चिप घेऊ नका. भंगारातला ईसीएमही त्याच कारणाने नुसता लावून चालत नाही, तो मूळ गाडीच्या इमोबिलायझरशी बांधलेला असतो.

हे काम दोन चाव्या हातात असताना करून घ्या. एकही चालू चावी नसेल तर खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. नवी गाडी घेताना मिळणारा चावीच्या नंबरचा छोटा पत्रा किंवा कार्ड गाडीत नाही, घरी ठेवा.

सह्याद्रीवारा

चिप खाचेत उलटसुलट हलत होती. मूळ दिशेने बसवून फोम दिला. आता दोन्ही चाव्यांना दिवा दोन सेकंदांत विझतो.

अर्थिंग_आधी

छान. ट्रॅकर तेवढा राहिला. इंजिन बंद करणारे ट्रॅकर सेल्फच्या, इग्निशनच्या किंवा पंपाच्या वायरीत रिले घालतात. वायर कापून नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. वर्ष-दोन वर्षांत तो जोड तापून सैल होतो आणि हुबेहूब इमोबिलायझरसारखा दोष दाखवतो, फक्त दिवा लुकलुकत नाही. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून तो जोड शोधा, डाख देऊन त्यावर हीटश्रिंक नळी चढवा.

त्याच बैठकीत बॅटरीची गळती, म्हणजे गाडी बंद असताना वाहणारा प्रवाह, मोजा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग मीटर १० अँपिअरवर, निगेटिव्ह खुंटी आणि वायर यांच्या मध्ये. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जास्त दिसलं तर ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा बघा, आणि ओबीडीच्या खोबणीत अडॅप्टर राहिलेला नाही ना तेही.

घाटवाट

गरम असताना आरपीएम शून्य. ओलं फडकं धरल्यावर सुरू झाली. सेन्सर मागवला आहे.

वायरमन_कोथरूड

जुना काढल्यावर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का बघा, कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि वायर एक्झॉस्टला टेकत नाही ना ते तपासा. वायर भाजलेली असेल तर नवा सेन्सरही चालणार नाही. काही गाड्यांत बदलल्यावर स्कॅनरने क्रँक लर्निंग (ईसीएमला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं, ते फिटिंगच्या आधीच विचारून घ्या.